तिसरी वायर

दिवाळी येते तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी घरांत तळघरातला बॉयलर घर तापवू लागलेला असतो. बॉस्टनच्या आसपासच्या जुन्या घरांत हा बॉयलर पाणी गरम करतो आणि ते पाणी नळ्यांतून खोलोखोलीच्या रेडिएटरांत फिरते. किती ऊब हवी हे भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगतो. अशा घरात जुना थर्मोस्टॅट उतरवून मोबाइलवरून चालणारा 'स्मार्ट' थर्मोस्टॅट लावायचा, तर ते काम तासाभराचे वाटते. जुन्याचे झाकण निघते आणि मागे दोनच वायरी दिसतात. नव्याला तिसरी हवी असते. ही तिसरी वायर तिथे का नाही, याचे उत्तर थर्मोस्टॅटच्या इतिहासात आहे.

विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षक-विद्यालयात शिकवणाऱ्या वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ साली विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गातली ऊब पाहायला शाळेचा शिपाई वारंवार आत येई आणि मग तळघरात जाऊन भट्टीची हवा कमीजास्त करी. जॉन्सन यांच्या उपकरणाने एवढेच केले, की वर्गातून तळघरात घंटा वाजवली. पुढचे काम माणसाचेच होते. पुढे घंटेची जागा थेट यंत्राला जोडलेल्या स्विचने घेतली. १९५३ साली हनीवेल कंपनीने बाजारात आणलेला, हेन्री ड्रेफस यांच्या रेखाटनाचा गोल थर्मोस्टॅट घराघरांत पोचला. त्याच्या आत दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी आणि पाऱ्याची कुपी होती. थंडीने पट्टी वळे, कुपी कलंडे, पारा दोन टोके जोडी. या कामाला वीज लागतच नव्हती. तो फक्त वीज जाऊ देई किंवा अडवी, आणि त्यासाठी दोन वायरी पुरेशा होत्या.

घरात एकाहून अधिक झोन असले, म्हणजे वरचा मजला, खालचा मजला, नंतर वाढवलेली खोली यांची ऊब वेगवेगळी राखायची असली, की रचना आणखी एका पायरीने लांबते. अशा घरात थर्मोस्टॅट बॉयलरशी बोलतच नाही. तो आपल्या झोनच्या नळीवर बसवलेल्या, मोटारीने उघडणाऱ्या झडपेशी बोलतो. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्टची वीज थर्मोस्टॅटमार्गे त्या मोटारीला मिळते. झडप उघडली की तिच्यातलाच एक छोटा स्विच मिटतो आणि बॉयलरला कळते, की पाणी जायला वाट मोकळी आहे. मगच पंप फिरतो आणि गरजेप्रमाणे ज्योत पेटते. सगळ्या झडपांचे हे स्विच बॉयलरच्या त्याच दोन टोकांना समांतर जोडलेले असतात. हाक कोणत्या झोनची, हे बॉयलरला कळत नाही.

स्मार्ट थर्मोस्टॅट मात्र छोटा संगणक आहे. पडदा, वायफाय, स्मरण यांसाठी त्याला सतत वीज हवी. दोनच वायरी मिळाल्या, तर काही थर्मोस्टॅट त्यांतूनच वीज चोरतात. झडप बंद असताना तिच्या मोटारीतून सूक्ष्म प्रवाह ओढून ते आपली बॅटरी भरतात. त्यामुळे काही झडपा गुणगुणतात किंवा अर्धवट उघडतात. झोन तापत असताना तर पंचाईत वाढते, कारण स्विच मिटलेला असला की थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास उरत नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी संपली तर झडप उघडत नाही आणि तो झोन गार पडतो. त्यातच कोणी गावाला गेलेले असेल, तर नळ्यांतले पाणी गोठते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि नळी फुटते.

म्हणून तिसरी, 'सी' नावाची वायर. ती नेमकी कुठून आणायची, इथे बरेच जण चुकतात. बॉयलरवरही 'सी' लिहिलेले टोक सापडते, पण ते बहुधा बॉयलरच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरचे असते. दोन ट्रान्सफॉर्मरांची अशी सरमिसळ झाली, तर बॉयलरचे नियंत्रण जळू शकते. थर्मोस्टॅटची 'सी' वायर झडपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्याच दुसऱ्या टोकापासून यायला हवी. त्या ट्रान्सफॉर्मरची ताकदही पाहावी लागते. ४० व्होल्ट-अँपियरच्या नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरचा दम चार-पाच झडपांतच संपतो. कधी भिंतीतल्या केबलमध्ये एखादी न वापरलेली वायर दुमडून ठेवलेली सापडते आणि प्रश्न सुटतो. नाहीतर नवी केबल ओढायची, किंवा प्रत्येक थर्मोस्टॅटला 'सी' देणारी नियंत्रणपेटी तळघरात बसवायची. हे सारे मेन स्विच बंद करून, आणि शंका असेल तर जाणकाराकडूनच करून घ्यावे.

वायर मिळाली तरी एक उणीव उरते. तीन झोनांचे तीन थर्मोस्टॅट आपापल्या मजल्याच्या सवयी शिकतात. पण ते एकमेकांशी ठरवून वागतीलच असे नाही. एकटी छोटी खोली हाक देते, तेव्हा अख्ख्या घरासाठी घेतलेला बॉयलर मिनिटा-दोन मिनिटांत तिला पुरून उरतो, विझतो आणि लगेच पुन्हा पेटतो. असे सतत पेटणे-विझणे इंधन वाया घालवते आणि यंत्र झिजवते. तेव्हा लहान खोलीच्या वेळा मोठ्या झोनांच्या वेळांशी जुळवून लावणे, हे काम घरातल्या माणसानेच करायचे असते. जॉन्सन यांच्या काळच्या शिपायाला वर्गही ठाऊक होते आणि भट्टीही. नव्या थर्मोस्टॅटला फक्त वर्ग ठाऊक आहे. म्हणून तो विकत घेण्याआधी एकदा टॉर्च घेऊन तळघरात उतरावे, झडपा मोजाव्यात, ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचावा आणि कोणती वायर कुठे जाते ते कागदावर काढून ठेवावे.