लाल म्हणजे रक्तच कशावरून?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक छोटा प्रयोग करा. दक्षिण आफ्रिकेच्या झेंड्यातल्या रंगांचा अर्थ इंटरनेटवर शोधा. लाल म्हणजे सांडलेलं रक्त, हिरवा म्हणजे शेती, सोनेरी म्हणजे खनिजं... यादी लगेच मिळेल. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असाच तक्ता केला होता. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले: "कोण म्हणतं?"

उत्तर शोधलं आणि तक्ता रद्द करावा लागला. तिथल्या सरकारची अधिकृत भूमिका अशी, की या रंगांना कुठलाही सर्वमान्य अर्थ जोडू नये!

असं का? १९९४ साली वर्णभेदी राजवट संपत होती. झेंड्यासाठी लोकांकडून आलेल्या सात हजारांहून अधिक नमुन्यांपैकी एकही पसंत पडला नाही. निवडणूक तोंडावर आल्यावर फ्रेडरिक ब्राउनेल यांचा नमुना तात्पुरता म्हणून स्वीकारला गेला आणि २७ एप्रिल १९९४ रोजी फडकला. काळा, हिरवा, सोनेरी हे मंडेलांच्या पक्षाचेही रंग. लाल, पांढरा, निळा जुन्या ब्रिटिश आणि बोअर झेंड्यांत दिसतात. कालचे विरोधक एकाच कापडावर. अर्थ पक्का केला असता तर कुणीतरी दुखावलं असतं, हा माझा कयास. कयास, निष्कर्ष नव्हे. हा फरक लिहिताना दाखवायचा असतो.

आता त्याच देशाचं राजचिन्ह बघा. १९१० सालचं, लॅटिन ब्रीदवाक्याचं चिन्ह जाऊन २७ एप्रिल २००० रोजी नवं आलं. इथे मात्र सरकार सगळं समजावून सांगतं: भाला आणि सोटा आडवे ठेवलेत, म्हणजे शांतता. ढालीवरच्या, एकमेकांना अभिवादन करणाऱ्या माणसांच्या आकृती एका प्राचीन शैलचित्रावरून घेतल्यात. ब्रीदवाक्य खाम या लुप्त भाषेत आहे. अर्थ साधारण 'विविध लोक एकत्र येतात'. आपण चुकचुकताना जो आवाज काढतो, तसा आवाज त्या भाषेत चक्क व्यंजन होता. आज ती कुणाचीच मातृभाषा नाही, म्हणजे कुणा एका गटाला झुकतं माप नाही.

देश एकच, अंतर सहा वर्षांचं. एका चिन्हाबद्दल मौन, दुसऱ्याचं सविस्तर स्पष्टीकरण. खरा संशोधन-प्रश्न इथे आहे, रंगांच्या यादीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'हे त्याचं प्रतीक आहे' असं लिहाल, तेव्हा स्वतःलाच विचारा: कोण म्हणतं? कधीपासून? आणि कागदपत्रं गप्प असतील, तर ते मौनही नोंदवा.