एदेन बागेतला साप कोण होता?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बोटाच्या पेराएवढी एक दगडी दंडगोल मुद्रा आहे. ओल्या मातीवर ती फिरवली की चित्र उमटतं. मध्ये खजुराचं झाड, त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलेले दोघे, आणि मागे साप. जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ साली आपल्या पुस्तकात हे चित्र छापलं आणि लिहिलं की हे आदाम आणि हव्वा. स्मिथ साधा माणूस नव्हता. नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा हा कारागीर स्वतःच्या हिमतीवर कीलाक्षर लिपी शिकला होता, आणि निनवेच्या मातीच्या पाट्यांवरची जलप्रलयाची कथा १८७२ मध्ये त्यानेच जगापुढे आणली होती. पण मुद्रेच्या बाबतीत तो चुकला. त्या दोघांच्या अंगावर कपडे आहेत. एकाच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे, आणि मेसोपोटेमियात तो मुकुट देवाची खूण. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० ते २१०० या काळातलं हे देव आणि भक्त यांच्या भेटीचं चित्र आहे, असं आज अभ्यासक मानतात.

झाड, जोडपं आणि साप एकत्र दिसताच स्मिथला लहानपणापासून ऐकलेली गोष्ट दिसली. एदेनच्या सापाबाबत गेली दोन हजार वर्षं हेच होत आलं आहे. मजकुरात काय आहे ते नंतर, डोक्यात काय आहे ते आधी. म्हणून आपण आधी मजकूर पाहू.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय अवघ्या २४ वचनांचा. पहिल्याच वाक्यात सापाची ओळख दिली आहे : परमेश्वराने निर्माण केलेल्या रानातल्या प्राण्यांपैकी तो एक, फक्त सगळ्यांत चतुर. हिब्रूत सापाला ‘नाहाश’ म्हणतात आणि इथे त्याचं विशेषण आहे ‘आरूम’. आदल्याच वाक्यात स्त्री-पुरुष दोघेही नग्न होते असं म्हटलंय, तिथे शब्द आहे ‘अरुम्मीम’. कानाला दोन्ही शब्द जुळे वाटतात. मराठीत ‘नग्न’ आणि ‘धूर्त’ लिहिलं की ही गंमत हरवते, आणि ‘धूर्त’मध्ये जो दुष्टपणा आहे तोही मुळात नाही. बायबलच्याच नीतिसूत्रांत ‘आरूम’ म्हणजे विचारी, शहाणा माणूस. तिथे ती स्तुती आहे.

ज्या दिवशी हे फळ खाशील त्या दिवशी मरशील, असं परमेश्वराने आदामाला बजावलेलं असतं. मग साप बोलतो. काय बोलतो? फळ खाल्लंत तर मरणार नाही, उलट डोळे उघडतील आणि बरंवाईट कळून तुम्ही देवासारखे व्हाल. फळ खाल्ल्यावर डोळे खरंच उघडतात. त्या दिवशी कुणी मरतही नाही. आदाम ९३० वर्षं जगतो. पुढे खुद्द परमेश्वर म्हणतो की बरंवाईट जाणण्यात मनुष्य आता आपल्यासारखा झाला आहे. ही अडचण जुन्या वाचकांनाही टोचली होती. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘जुबिलीज’ या यहुदी ग्रंथाने तोडगा काढला : देवाचा एक दिवस म्हणजे हजार वर्षं, आणि आदाम हजाराला सत्तर वर्षं कमी असताना गेला, म्हणजे ‘त्याच दिवशी’ गेला. हिशेब चोख आहे. तो करावा लागला याचा अर्थ मात्र असा की सापाचं बोलणं निव्वळ खोटं म्हणून उडवून लावता येत नव्हतं.

या २४ वचनांत सैतान हा शब्द नाही. इशारासुद्धा नाही.

मोशेच्या पाच ग्रंथांत, म्हणजे तोरात, तो शब्द पहिल्यांदा येतो गणनेच्या बाविसाव्या अध्यायात, आणि तिथे तो कुणासाठी वापरलाय हे वाचून मी थबकलो होतो. बलाम नावाचा द्रष्टा गाढवीवर बसून निघालाय. परमेश्वराचा दूत वाटेत आडवा उभा राहतो, त्याला अडवणारा ‘सातान’ म्हणून. हिब्रूत या शब्दाचा मूळ अर्थ विरोधक, आडवा येणारा. म्हणजे तोरातला पहिला ‘सातान’ देवाचाच दूत! पुढे याच प्रसंगात गाढवी बोलते. सबंध हिब्रू बायबलमध्ये माणसासारखे बोलणारे प्राणी हे दोनच, साप आणि ही गाढवी. गाढवीच्या वेळी परमेश्वराने तिचं तोंड उघडलं असा स्पष्ट खुलासा आहे. सापाच्या वेळी तसा एक शब्दही नाही. तो बोलतो, आणि हव्वेलाही त्याचं नवल वाटत नाही.

ईयोबाच्या पुस्तकात ‘सातान’ देवाच्या दरबारात हजेरी लावतो. त्याचं काम सरकारी वकिलाचं. माणसांवर आरोप ठेवायचे. देवाचा वैरी, अंधाराचा राजा अशी त्याची मूर्ती पुढच्या काही शतकांत घडली. इसवी सनाच्या आगेमागे ग्रीकमध्ये लिहिलेल्या ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथात मृत्यूचं खापर दियाबलाच्या, म्हणजे सैतानाच्या, मत्सरावर फोडलं गेलं. पहिल्या शतकाच्या अखेरीस नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात ‘जुनाट साप’ आणि सैतान एक झाले. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरसारख्या ख्रिस्ती लेखकांनी ती जोडणी पक्की केली. कुराणात तर आदामाच्या कथेत साप उरलाच नाही. तिथे थेट शैतान कुजबुजतो, आणि दोघांच्याही कानी.

यहुदी भाष्यकार सापाला इतक्या सहज सोडायला तयार नव्हते. तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात एक कायदेशीर मुद्दा निघालाय : देवाने आदामाला विचारलं, हव्वेला विचारलं, सापाला काहीच न विचारता शिक्षा सुनावली, तेव्हा फूस लावणाऱ्याची बाजू न्यायाधीशाने स्वतःहून मांडू नये. दहाव्या शतकात बगदादचे सादिया गाओन म्हणाले, साप आणि गाढवी दोघेही बोललेच नाहीत, त्यांच्या वतीने देवदूत बोलला. बाराव्या शतकात स्पेनच्या इब्न एझ्रांनी ते मत नोंदवलं आणि नाकारलं. साप बोलत होता आणि उभा चालत होता, शब्द आहेत तसे घ्या. पंधराव्या शतकातल्या अब्राबानेल यांचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. साप तोंडाने काही बोलला नाही, त्याने झाडावर चढून फळ खाल्लं आणि तो मेला नाही. हव्वेने ते पाहिलं. पाहण्यातूनच तिच्या मनात तो संवाद झाला.

सापाला गुरू मानणारेही होते. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना खत खणताना एक रांजण सापडला, त्यात तेरा जुन्या कॉप्टिक पोथ्या. त्यांतल्या एका ग्नॉस्टिक (ज्ञानातच मुक्ती मानणाऱ्या पंथाच्या) कथेत एक स्त्रीरूप दैवी शक्ती सापात उतरून हव्वेला ज्ञान देते. चर्चने ज्यांना पाखंडी ठरवलं अशा एका पंथाचं ‘नासेनी’ हे नावच ‘नाहाश’वरून पडलेलं.

मग हा साप मुळात कोण? माझं उत्तर सरळ आहे : साप. आणि लेखकाने साप का निवडला याचं उत्तर त्याच्या शेजारीपाजारी आहे. मेसोपोटेमियाच्या गिलगामेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीवर नायकाने मिळवलेली तारुण्याची वनस्पती साप पळवतो आणि कात टाकून निघून जातो. इजिप्तच्या राजाच्या कपाळावर फणा काढलेली नागीण असे. खुद्द यरुशलेमच्या मंदिरात मोशेच्या नावाने एक पितळी साप होता. लोक त्याच्यापुढे धूप जाळत, म्हणून इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस राजा हिज्कीयाने तो फोडला. विष आणि कात, मरण आणि नवं आयुष्य, दोन्ही ज्याच्याकडे, त्याला भोवतालचं जग देव मानत होतं. उत्पत्तीचा लेखक मात्र पहिल्याच वाक्यात बजावतो की हा देव नव्हे, देवाने केलेला रानातला एक प्राणी आहे. त्याने सापाची गादी काढून घेतली. पुढच्यांनी त्याला सैतान करून ती गादी परत दिली.

आणि याचा भुर्दंड बाईला पडला, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. हिब्रूत सापाचं सगळं बोलणं अनेकवचनात आहे. इंग्रजीत ‘यू’मध्ये ते कळत नाही, मराठीत ‘तुम्ही’ म्हणता येतं. सहाव्या वचनात तिने फळ आपल्या नवऱ्याला दिलं, ‘जो तिच्याबरोबर होता’, असं मूळ हिब्रू सांगतं. म्हणजे हा गृहस्थ शेजारीच उभा होता, चकार शब्द न काढता. जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरातून ‘तिच्याबरोबर’ हे शब्द गळले, आणि हजार वर्षं पश्चिम युरोपने तेच भाषांतर वाचलं. इसवी सन २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक टर्टुलियन यांनी सगळ्या स्त्रियांना सैतानाचं प्रवेशद्वार म्हटलं होतं. बाराव्या शतकात पीटर कोमेस्टर यांनी सापाला तरुणीचा चेहरा असल्याचं लिहिलं आणि चित्रकारांनी ते उचललं. मायकलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर (१५०८ ते १५१२) झाडाला विळखा घालणारा साप रंगवला तो कमरेच्या वर बाईच्या देहाचा. हिब्रूतला ‘नाहाश’ पुल्लिंगी आहे. ‘शापित’ हा शब्दही मूळ अध्यायात फक्त सापाला आणि जमिनीला लागतो. स्त्रीला दुःख सांगितलंय, पुरुषाला घाम सांगितलाय. पण शापित असं दोघांनाही म्हटलेलं नाही.

मराठीत ही गोष्ट ओवीतून आली, फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराणातून. पुढे पंडिता रमाबाईंनीही ती थेट हिब्रूतून मराठीत आणली. संस्कृतात पारंगत असलेली ही बाई पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, जिथे बायकाच छपाईचे खिळे जुळवत होत्या, तिथे तिने संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्या अध्यायावरून शतकानुशतकं बाईला दोष दिला गेला, तो एका मराठी बाईने मुळातून शब्दन्‌शब्द तपासला होता, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही.

अलिबाग-पेणच्या परिसरातून मुंबईला आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत तोराचं वार्षिक वाचन सिमहात तोराच्या सणानंतरच्या शनिवारी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. बहुतेक वर्षी तो शनिवार कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधला. त्या दिवशी तिथे सापाची गोष्ट वाचली जाते. तुम्हीही वाचा. २४ वचनांना दहा मिनिटं लागत नाहीत. चित्रं आणि प्रवचनं थोडी बाजूला ठेवा, आणि साप बोलू लागला की हव्वेच्या शेजारी कोण उभं आहे तेवढं बघा.