सशाचा मोटारप्रवास

मोटारीत बसलेला कुत्रा घाबरला तर भुंकतो, मांजर ओरडून सगळ्यांना हैराण करते. ससा मात्र गप्प बसून राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते, तो मजेत आहे. ही शांतता फसवी असते. ससा हा कोल्हा, कुत्रा, घार यांचे भक्ष्य. भीती किंवा दुखणे उघड करणारे जनावर शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते. म्हणून संकटात निश्चल होणे हा सशाचा स्वभावच बनला आहे. शतकानुशतके माणसाळूनही तो बदललेला नाही. त्यामुळे सशाला प्रवासात काय सोसवत नाही, हे सोबतच्या माणसाने आधीच जाणून घेतले पाहिजे.

सर्वांत मोठा धोका उष्णतेचा. सशाच्या अंगावर दाट लव असते. घामाने शरीर थंड करण्याची सोय त्याच्यापाशी जवळजवळ नाही, आणि कुत्र्याप्रमाणे धापा टाकूनही त्याचे फारसे भागत नाही. अंगातील उष्णता बरीचशी त्याच्या लांब कानांवाटे बाहेर पडते. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त हवेने निवते. परंतु हवाच तापलेली असेल तर कान तरी काय करणार? तापमान सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की सशाला त्रास होऊ लागतो. मे महिन्यात नागपूर किंवा दिल्ली येथे पारा कित्येकदा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठावा. उन्हात उभी केलेली बंद मोटार तर भट्टीच होय. पहिल्या १० मिनिटांतच आतील तापमान सुमारे १० अंशांनी वाढू शकते. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. चहा घेण्यापुरतेही सशाला तिथे एकटे ठेवू नये. कान तापले, ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा गळून गेला, तर त्याला सावलीत न्यावे, कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि पशुवैद्य गाठावा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये.

दुसरी काळजी पोटाची. सशाला उलटी करता येत नाही, तेव्हा निघण्यापूर्वी त्याला उपाशी ठेवण्याचे काहीच कारण नाही. उलट त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. भीतीने खाणे सुटले की ते मंदावते. दहा-बारा तास काही न खाल्लेला ससा तातडीने पशुवैद्याकडे न्यावा लागतो. म्हणून पिंजऱ्यात सुके गवत भरपूर असावे. वाटीतले पाणी हिंदकळून सांडते. त्याऐवजी धुतलेली ओली कोथिंबीर द्यावी आणि थांब्यावर पाणी पुढे करावे.

सशाला मांडीवर घेऊन बसणे प्रेमाचे वाटले तरी धोक्याचे आहे. त्याची हाडे हलकी आणि मागचे पाय जोरकस. दचकून दिलेल्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलण्याची रीत तर सोडूनच द्यावी. कडक, हवेशीर पिंजरा घेऊन तळाशी जाड टॉवेल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. पिंजरा पुढच्या आसनामागे खाली घट्ट बसवावा. घाटातील वळणांवर तो सरकता कामा नये. सशांची जोडी असेल तर दोघांना एकत्रच न्यावे. ढाब्यावर पाय मोकळे करायला सशाला बाहेर काढू नये. तिथे कुत्री असतात.

मुक्कामी पोहोचल्यावर ससा काही वेळ कोपऱ्यात दडून बसेल. त्याला तसेच राहू द्यावे, परंतु तो गवत खातो आहे ना आणि लेंड्या नेहमीसारख्या पडतात ना, हे रात्री झोपण्यापूर्वी अवश्य पाहावे.