नाव पाण्यात लोटताना

मणिपूरमधील लोकताक सरोवर विस्तीर्ण असले तरी फारसे खोल नाही. त्याच्या एखाद्या निवांत काठावरून लहान नाव पाण्यात लोटणे हे काम वरकरणी अगदी सोपे वाटते. परंतु नाव कलंडण्याचा धोका खोल पाण्यापेक्षा काठाशी अधिक असू शकतो. त्याचे कारण पाण्याच्या खोलीत नसून नावेला मिळणाऱ्या आधारात आहे.

समजा, पाण्याच्या पातळीवर नावेने 3 चौरस मीटर क्षेत्र व्यापले आहे. ती 1 सेंटिमीटर खाली गेली की 30 लिटर पाणी बाजूस सारले जाते, आणि तेवढ्या पाण्याचे वजन 30 किलोग्रॅम भरते. म्हणजे 60 किलोग्रॅम वजनाचा मनुष्य आत बसला असता नाव अवघी 2 सेंटिमीटर बुडेल. तरंगण्यास गुडघाभर पाणीही तिला पुष्कळ झाले.

तोल सांभाळणे ही मात्र निराळी गोष्ट होय. नाव एका कुशीवर झुकली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्याखाली जातो, पाण्याचा वर उचलणारा रेटा तिकडे सरकतो आणि नावेला पुन्हा सरळ करू पाहतो. नाव अर्धी काठावर व अर्धी पाण्यात असताना हा आधार केवळ तरंगणाऱ्या भागालाच मिळतो. तळ सपाट असेल तर जमीन तिला थोडेफार तोलून धरते. परंतु गोल तळाची नाव जमिनीवर जेमतेम एका रेषेवर टेकलेली असते, आणि ती रेषा तिला झुकण्यापासून आवरीत नाही. नेमक्या अशाच वेळी मनुष्य उभ्यानेच आत पाय टाकतो. त्यामुळे गुरुत्वमध्य उंचावतो. शिवाय मागचा पाय काठाला जो रेटा देतो, तोच नावेला काठापासून दूर ढकलतो!

यास्तव रिकामी नाव संपूर्ण तरंगेपर्यंत लोटावी, कोणी तरी ती धरून ठेवावी, आणि मग वाकून, मध्यरेषेवर पाय टाकून लगेच खाली बसावे. तरंगते जाकीट काठावरच बांधलेले बरे.

लोकताकवर जेथे काठ दिसतो तेथे तो असेलच, असे मात्र नाही. वनस्पती, मुळे व माती यांचे तरंगते थर येथे पसरलेले असतात; त्यांना फुमदी म्हणतात. त्यांचा सुमारे एक पंचमांश भागच पाण्यावर दिसतो. जाड फुमदीवर झोपडीसुद्धा उभी राहते. पातळ फुमदी पायाखाली खचते. पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी उतरले की फुमदी तळाशी टेकत व मुळांना मातीतून पोषण मिळे. 1983 मध्ये इथाई येथील बंधारा सुरू झाल्यावर सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली, आणि पुष्कळ फुमदी तळाला टेकेनाशा होऊन पातळ होत गेल्या. म्हणून येथे पाय टाकण्यापूर्वी बांबूचे टोक दाबून पाहावे. ते आरपार गेले, तर काठ अजून मागेच आहे.