चार मिनिटांचा भोंगा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या दिवसांत धुळ्याच्या देवपुरात दोन धंद्यांना उसंत नसते. एक कूलरचं गवत बदलून देणाऱ्यांचा, दुसरा घराला अलार्म बसवणाऱ्यांचा. पहिल्याचं कारण धुळ्याचं ऊन. दुसऱ्याचं कारण कुलपं. सासुरवाशिणी माहेरी, पोरं मामाकडे, म्हातारी माणसं गावी, आणि कॉलनीतली निम्मी फाटकं साखळीने बांधलेली. मग पेपरात घरफोडीची बातमी येते. पूर्वी तिच्या शेवटी कलम ३८० आणि ४५७ असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ आली. कलमं बदलली, कडीकोयंडा तोच तुटतो.

दत्तमंदिर चौकातून आतल्या कॉलन्यांत शिरलं की पोर्चच्या वर पांढऱ्या पेट्या दिसतात, लाल दिवा लुकलुकणाऱ्या. त्यातल्या बऱ्याचशा पोकळ आहेत, आत नुसता दिवा आणि सेल, असं एका वायरमनने चहा पिताना सहज सांगितलं. ओळखायचं कसं? पेटीच्या मागून वायर आत जाते का ते बघायचं. मी बघत सुटलो, आणि दोन दिवसांनी त्याच्याच मागे एका घरी जाऊन उभा राहिलो.

घर निवृत्त मास्तरांचं. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते. मुलगा पुण्याला; पैसे त्याचे, हट्टही त्याचाच. पॅनल भिंतीवर चढलं, दारांना चुंबकाचे संपर्क लागले, केसिंग पट्टी ठोकली गेली. हे सगळं दुपारच्या आत उरकलं. वेळ खाल्ला तो आवाजाने.

सायरन आणि स्पीकर लांबून सारखेच दिसतात, दोघांच्याही शेपटीला एक लाल आणि एक काळी वायर. पण सायरनच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. बारा व्होल्ट मिळाले की तो ओरडतो. स्पीकर मुका. आवाज दुसऱ्याने तयार करून त्याला द्यावा लागतो, मग ते काम पॅनल करो की मधे बसवलेला ड्रायव्हर. मुक्याला थेट बारा व्होल्ट जोडले तर एकदा ‘टक्’ होतं आणि पुढे शांतता. ती शांतता फसवी असते. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो. म्हणजे दोन अँपिअर वाहतात आणि चोवीस वॅटची उष्णता त्या केसाएवढ्या तारेत साठत जाते.

वायरमनने पिशवीतून एक जुनं हॉर्नचं युनिट काढलं, मागचं झाकण फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. “हुंगा.” जळलेल्या लाखेचा, कडवट, घशाला चिकटणारा वास. कुणीतरी थेट जोडून जाळलेलं ते युनिट तो मुद्दाम बाळगतो. नवा पोऱ्या हाताखाली आला की पहिला धडा या वासाचा. तो स्वतः मंडपाच्या भोंग्यांवर शिकलेला आहे, अहुजा कंपनीची युनिटं उघडत. त्यामुळे स्पीकरशी त्याचं वागणं जरा मायेचं आहे, सायरनशी कामापुरतं. दिवसभर दुसरं काही हुंगलं तरी तोच वास येत राहिला.

आप्पांना दोन स्पीकर हवे होते. दोन आठ ओहमचे शेजारी शेजारी जोडले की ड्रायव्हरला चारच दिसतात, तिसरा लावला तर तीनच्याही खाली. ड्रायव्हरला चारपर्यंत झेपतं, म्हणून दोनावर थांबायचं. वायरचाही हिशेब असतो. इंटरकॉमची बारीक वायर वीस मीटर ओढली तर जाता-येता साडेतीन ओहम होतात. एक अँपिअर घेणाऱ्या सायरनला बाराऐवजी साडेआठ व्होल्ट पोचतात आणि तो सर्दी झाल्यासारखा रडतो. पाऊण चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान एका व्होल्टवर येतं. फरक काही शे रुपयांचा, आणि बरेच जण तोच वाचवतात.

याहून वाईट चलाखी त्या छोट्या रेझिस्टरची. सायरनच्या वायरवर पॅनलची नजर राहावी म्हणून तो वायरच्या शेवटी, बाहेरच्या पेटीत लावायचा असतो. वायर तुटली की पॅनलला लगेच कळतं. शिडी चढायचा कंटाळा करणारे तो पॅनलच्या आतच स्क्रूखाली दाबतात. बिघाडाचा दिवा विझतो, मालक खूश, आणि चोराने बाहेरची वायर छाटली तरी पॅनल म्हणत राहतं की सगळं ठीक. माझ्या मते ही पेटी पोकळ पेटीपेक्षा वाईट. पोकळ पेटीवाल्याला निदान माहीत असतं की ती पोकळ आहे.

शेवटी प्रश्न आला, किती वेळ वाजू द्यायचं. आप्पा म्हणाले, अर्धा तास. वायरमनने चार मिनिटं भरली. बॅटरी सात अँपिअर-तासांची, अर्धा तास तिला सहज झेपला असता. “आप्पा, चार मिनिटमा गल्ली उठनी ते उठनी,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

चार मिनिटं. हा आकडा मला आवडला नाही, पण खोडताही येईना. पॅनल पुण्याला फोन लावेल, मुलगा ११२ लावेल, तोवर जे काही व्हायचं ते याच गल्लीत. सायरन म्हणजे शेजाऱ्याला मारलेली हाक आहे, आणि आखाजीत शेजारी असतो कुठे? असला तर कूलरपुढे झोपलेला. एका मीटरवर ११० डेसिबलचा आवाज दर दुप्पट अंतराला सहाने घटतो. बत्तीस मीटरवर ऐंशी उरतात, बंद खिडकीत आणखी कमी, वर उशाशी कूलरचा घरघराट. म्हणून वायरमनचा सगळा जोर आतल्या स्पीकरवर. तो जिन्याच्या माथ्यावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा. बाहेर कुणी आलं न आलं, आत उभं राहणं अशक्य झालं पाहिजे. बाहेरची हालचाल चोराला ऐकू आली नाही की तोच घाबरतो. ऐकायला पटतं. तरी आप्पांना विकली जातेय ती बाहेरची पेटी, कारण ती रस्त्यावरून दिसते.

चाचणी पाच-दहा सेकंदांत उरकतात सगळे. याने पूर्ण चार मिनिटं वाजवलं, आणि तेही समोरच्यांना कूलर चालू ठेवायला सांगून. मी जिन्याखाली होतो. दुसऱ्या मिनिटाला दातांत कळ आली आणि मी अंगणात पळालो. कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकून दमला. डावीकडच्या काकू लगेच गच्चीवर आल्या. समोरच्या घरात काहीच हललं नाही. भोंगा थांबल्यावर तिथल्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, कुठेतरी गाडी रिव्हर्स घेतेय असं वाटलं.

वायरमनने शिडी परत उचलली. पोर्चवरची पेटी काढून बाजूच्या भिंतीला, काकूंच्या खिडकीसमोर लावायची, सहा मीटर वायर जास्त लागेल. आप्पांचा चेहरा उतरला. तिथे लावली तर रस्त्यावरून दिसणार नाही. बरीच घासाघीस झाली आणि ठरलं ते असं: खरी पेटी काकूंकडे, पोर्चवर पोकळ.

“तिचे पैसे वेगळे?” आप्पांनी विचारलं.

“वेगळे.”