पायाशी पाणी, तरी तहान

थंडी पडली की अम्मी पहाटे मलमलचं फडकं घेऊन हरभऱ्यात जायची. दवानं भिजलेल्या शेंड्यांवरून ते फिरवायची आणि पिळून बाटलीत भरून ठेवायची. ही हरभऱ्याची आंब. घरात कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून मिळे. त्यामुळे हरभरा म्हणजे दुसऱ्याला बरं करणारं झाड, अशीच माझी समजूत होती. ते स्वतः आजारी पडतं, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच शेतातून पुतण्याचा फोन आला, "चाचा, हरभरा माना टाकतोय." पेरून जेमतेम महिना झाला होता. मी विचारलं, पाणी दिलंस का? नाही म्हणाला. मग दे की! बी.ए. होऊन मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सुचणार? त्यानं रात्र जागून पाणी दिलं. आठ दिवसांत शेतात जागोजागी वाळलेले पट्टे दिसू लागले.

मी गावी गेलो. शेजारचे निवृत्त कृषी सहायक बांधावर आले. त्यांनी एक सुकलेलं रोप उपटलं. मुळं वरून धडधाकट होती. मग चाकूनं रोप उभं चिरलं, तर आत मधोमध काळपट तपकिरी रेघ. "ही मर," ते म्हणाले. "पाण्याचा काही उपयोग नाही."

मर ही फ्युजेरियम नावाच्या बुरशीची करणी. ती मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते. नळ्या तुंबल्या की मुळाशी पाणी असूनही ते पानापर्यंत पोचत नाही. पायाशी पाणी आणि ओठ कोरडे! म्हणून हा रोग तहानेसारखा दिसतो आणि माझ्यासारखे फसतात.

उत्तरेकडे, पंजाबात आणि पलीकडे पाकिस्तानात, हरभऱ्याचा मोठा वैरी वेगळा आहे. तो करपा. ती बुरशी बियाण्यातून आणि जुन्या काडीकचऱ्यातून येते, थंड-ओल्या हवेत पावसाच्या थेंबांबरोबर पानापानांवर उडते. पानावर गोल डाग, डागात काळे ठिपके, आणि देठ मोडून पडतात. 1980च्या आसपास करप्यानं पाकिस्तानात हरभऱ्याचं अतोनात नुकसान केलं. ज्या वाणांवर भरवसा होता, तेही त्याला बळी पडले. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र खरी धास्ती मरीची.

या रोगावर उभ्या पिकात औषध नाही. पीक नसलं तरी बुरशी मातीत सहा वर्षं तग धरू शकते. मग उपाय काय? रोगाला दाद न देणारं बी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथं शास्त्रज्ञांनी मरीनं भरलेली शेतं मुद्दाम जपली. नव्या वाणांच्या ओळींमध्ये जेजी 62 हा हमखास मरणारा हरभरा पेरायचा. तो मेला, म्हणजे माती खरोखर रोगट आहे. त्याच मातीत जो उभा राहिला, तो उत्तीर्ण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय किंवा जाकी 9218 हे आपल्याकडचे मर-प्रतिकारक वाण.

पण प्रतिकार म्हणजे अमरपट्टा नव्हे. या बुरशीच्या आठ जाती शास्त्रज्ञांनी ओळखल्या आहेत. एकीला दारात अडवणारा वाण दुसरीला अडवेलच असं नाही. शिवाय वाण कितीही चांगला असला, तरी त्याच रानात दरसाल हरभराच घेतला तर मातीत बुरशीची भर पडत जाते.

पुतण्यानं नेमकं तेच केलं होतं. भाव बरा म्हणून चार वर्षं त्याच दोन एकरांत हरभरा. बी घरच्या कणगीतलं, मूळ वाण कोणता हे कुणालाच आठवेना. निम्म्याहून जास्त पीक गेलं. त्या पैशावर मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. शेवटी म्हैस विकली. पाणी द्यायला सांगणारा मीच होतो, हे तो एकदाही बोलला नाही. मला ते अजून बोचतं.

आता त्या रानात ज्वारी आहे. हरभरा त्यानं दुसऱ्या तुकड्यात नेला. खात्रीचं प्रतिकारक बी आणलं, पेरणीआधी किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलं. ही बुरशीवर मात करणारी मित्रबुरशी. उन्हाळ्यात खोल नांगरटही केली.

तुमच्या रानात हरभऱ्यानं मान टाकली, तर मोटर सुरू करण्याआधी एक रोप उपटा आणि चिरून बघा. काळी रेघ दिसली तर पाणी वाचवा, आणि पुढच्या वर्षीचं रान आत्ताच ठरवा.