तापमान आणि बास गिटारच्या तारा

वाद्यमेळात बास गिटारकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही. परंतु तिचा स्वर ढळला की सारा मेळच बेसूर भासू लागतो. हा स्वर ढळण्यास वादकाचा हलगर्जीपणा नेहमीच कारणीभूत असतो असे नाही. पुष्कळदा दोष असतो तो उष्णतेचा.

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या विद्युत् बास गिटारच्या तारेचा कंप पावणारा भाग ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर लांब होता, आणि आजही हेच माप सर्वाधिक प्रचलित आहे. अशी पोलादी तार स्वरात आणताना ती अवघी चार-पाच मिलिमीटर ताणली जाते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर तीच तार प्रसरणामुळे सुमारे एक दशांश मिलिमीटरने लांबते. ही वाढ क्षुल्लक वाटेल. पण तिची तुलना तारेच्या लांबीशी नव्हे, तर त्या चार-पाच मिलिमीटरांशी करावयाची असते. तेवढ्याने ताण शेकडा दोनहून थोडा अधिक उतरतो, आणि कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे ती शेकडा एकाने घटते. गिटारची लाकडी मानही थोडी लांबते व हा तोटा अंशतः भरून काढते. तरीही अर्धस्वराचा सुमारे आठवा भाग उतरतोच. शिवाय तार बारीक असल्याने दिव्यांच्या झोतात ती झटकन तापते, तर लाकूड सावकाश तापते. म्हणून पहिल्या काही मिनिटांत तार याहूनही अधिक उतरते. तंबोऱ्याची साथ करणाऱ्यांना हे सांगावयास नको. मैफल रंगात आली असतानाही त्यांचा हात मण्यांकडे वळतो तो उगीच नव्हे.

सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंप पावते. इतक्या मंद्र स्वरातला लहानसा फरक एकट्या तारेवरून कानाला क्वचितच कळतो. मात्र तिचे वरचे उपस्वर इतर वाद्यांच्या स्वरांवर आदळले की विस्पंद उमटतात आणि दोष उघडा पडतो. त्यातच सुषिर वाद्यांची गत नेमकी उलटी असते. हवेतील ध्वनीचा वेग दर अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढत असल्याने, सभागृह तापले की बासरी व क्लॅरिनेट चढतात आणि तारा मात्र उतरतात!

लाकडाची खरी वैरी उष्णता नसून आर्द्रता होय. पावसाळी हवेत मान फुगते, वाकते, आणि तिच्या आत बसविलेला पोलादी गज पिळून ती सरळ करावी लागते. हे टाळण्यासाठी १९७० च्या दशकात काही कारागिरांनी कार्बन तंतूंची मान बनविली. आर्द्रतेचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. परंतु ती उष्णतेनेही जवळजवळ लांबत नाही. त्यामुळे तापलेल्या तारेला लाकडाकडून जी थोडीशी भरपाई मिळत असे, तीही येथे मिळत नाही.